टोळी कुठल्या फडात आहे, ते तुम्हाला ठाऊक असतं

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि संचालक मंडळ,
राज्यातले सर्व सहकारी आणि खाजगी साखर कारखाने

सप्रेम नमस्कार.

मी नर्स आहे. नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा झाल्यावर पहिली नोकरी केली ती कृष्णाकाठच्या एका गावातल्या लहानशा प्रसूतिगृहात. आणि त्याच्याही आधीपासून मी एका सभासदाची मुलगी आहे. वडिलांच्या नावावर शेअर आहे, तीन एकरांत को ८६०३२ जातीचा ऊस उभा आहे आणि दिवाळीला शेअरची साखर आमच्याकडेही येते. माझं कॉलेज ऊसबिलावर झालं. तेव्हा हे पत्र कुणा बाहेरच्यानं लिहिलंय असं समजून बाजूला ठेवू नका, एवढी विनंती आधीच करते. ऊसतोडीला येणाऱ्या गरोदर बायकांबद्दल हे पत्र आहे.

आमचं प्रसूतिगृह म्हणजे खाली ओपीडी, वर आठ खाटा, एक लेबर रूम आणि जिन्याखाली ऑटोक्लेव्हचा ड्रम. मॅडम स्त्रीरोगतज्ज्ञ, सर जनरल प्रॅक्टिस करायचे आणि गरज पडली की तालुक्याहून भूलतज्ज्ञ यायचे. नर्स आम्ही तिघी, आणि एक मावशी. मावशी शाळेत कधी गेल्या नव्हत्या, पण बाई जिना चढताना कशी थांबते एवढं बघून त्या सांगायच्या, ‘हिला अजून वेळ हाय, चहा पिऊन घ्या’ किंवा ‘गॅस बंद करा आन् वर चला.’ पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा आलेख, भरायला मी कॉलेजात शिकले होते. मावशींचा अंदाज आणि माझा आलेख बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येऊन मिळायचे, आणि नाही मिळाले तर मॅडम आधी मावशींचं ऐकायच्या. सुरुवातीला मला याचा राग यायचा.

औषधांचा एक छोटा फ्रिज होता. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, नाहीतर इंजेक्शन दिल्याचं समाधान तेवढं मिळतं आणि गर्भाची पिशवी काही आवळत नाही. म्हणून तो फ्रिज इन्व्हर्टरवर होता. लाईट गेली की वॉर्डातले पंखे बंद करायचो, पण फ्रिज चालू. त्यात दह्याचं भांडं ठेवलं म्हणून एका सिस्टरला मॅडमनी जे बोल लावले, ते ओपीडीतल्या पेशंटांनीही ऐकले होते.

आता तुमच्या हंगामाकडे येते. बॉयलर पेटला, मोळी टाकली, पेपरात फोटो आले, की आम्हाला ते आधी गच्चीवर कळायचं. वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर चिमणीतली काळी राख पडायची. झटकली तर काळी रेघ उठायची, म्हणून मावशी फुंकर मारून ती उडवायच्या. त्याच आठवड्यापासून ओपीडीच्या बाकावर ऊसतोडीला आलेल्या नव्या बायका दिसायला लागायच्या. बीड, पाथर्डी, शेवगाव, परतूर, गंगाखेड. गावातले लोक सगळ्यांनाच सरसकट ‘बीडवाले’ म्हणतात, मग त्या परभणीच्या का असेनात.

गावच्या बाईचा आणि त्यांचा फरक केसपेपरवर पहिल्या मिनिटात दिसायचा. गावच्या बाईच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड असायचं. रक्तगट, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची इंजेक्शनं, सोनोग्राफी, सगळं त्यावर. आशाताई बरोबर आलेली असायची नाहीतर निदान तिचा फोन. ऊसतोडीच्या बाईला विचारलं, कार्ड कुठंय? ‘गावाकडं.’ पाळी कधीची चुकली? ‘पोळ्याच्या आधी.’ आधीची बाळंतपणं? ‘दोन हायेत, एक गेलं.’ वय? ‘एकोणीस.’ एकोणीस सगळ्यांचंच असायचं. अठराच्या आतली मुलगी बाळंत झाली तर दवाखान्याला पोलिसात कळवावं लागतं, हे कोयता हातात धरणाऱ्या प्रत्येक घराला आता माहीत आहे. लग्नं लवकर का होतात तेही तुम्ही जाणता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला कोण उचल देतं?

हिमोग्लोबिन सहा, साडेसहा. सातच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय, हे पहिल्या वर्षाला पाठ केलेलं वाक्य. तिथे ते चालून येताना दिसायचं. पहाटे तीन-चारला उठून उसाच्या फडात, मग डोक्यावर मोळ्या, दुपारी कोपीवर, म्हणजे झोपडीवर, येऊन भाकरी, रात्री गाडी भरायला परत. लोहाच्या गोळ्या द्यायचो. पुढच्या तपासणीला ती यायची नाही, कारण टोळी दुसऱ्या गावच्या फडाला गेलेली असायची. एका नर्सच्या दृष्टीनं ऊसतोड बाईची सगळ्यात मोठी अडचण ही आहे. अशिक्षितपणा, अंधश्रद्धा वगैरे जे भाषणांत ऐकू येतं, ते मला फारसं भेटलं नाही. त्या बायका गोळ्या खायच्या, विचारायच्या, सांगितलेलं ऐकायच्या. फक्त आठ दिवसांनी त्या कुठे असतील, हे आम्हाला ठाऊक नसायचं.

एक रात्र सांगते. थंडी मोप होती. खाली ट्रॅक्टर थांबला आणि हॉर्न वाजत राहिला. मी आणि मावशी खाली धावलो. मोकळ्या ट्रॉलीत पाचटावर एक बाई आडवी, वर वाकळ, दोन बायका तिला धरून बसलेल्या. बाळ वाटेतच झालं होतं. ते आईच्या पोटावर लुगड्यात गुंडाळलेलं होतं, नाळ तशीच जोडलेली, वार पडलेली नव्हती. नाळेला कुणी हात लावला नव्हता, हे त्या बायांचं शहाणपण. मी चाकावर पाय देऊन ट्रॉलीत चढले. मावशींनी खालून ट्रे वर दिला. ड्रायव्हर मोबाईलचा उजेड धरून तोंड फिरवून उभा राहिला. बाळाचे पाय निळसर, अंग गार, पण पाठ चोळल्याबरोबर ते असं ओरडलं की शेजारच्या घरातला दिवा लागला. दोन क्लॅम्प, मध्ये कात्री. आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनची दहा युनिटं. हे इंजेक्शन बाळ झाल्यावर मिनिटभरात द्यायचं असतं. इथं किती वेळ गेलेला होता कोण जाणे. वार नीट पडली, पण पिशवी मऊच लागत होती आणि पाचट भिजत चाललं होतं. तोपर्यंत मॅडम पोचल्या. स्ट्रेचर जिन्यावरून वर नेईपर्यंत मी एका हातानं तिचं पोट दाबून चोळतच होते. पहाटेपर्यंत पिशवी आवळली आणि बाई वाचली.

दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याला विचारलं, १०८ ला फोन का नाही केला? केला होता. पलीकडून पत्ता विचारला. त्यानं सांगितलं, कॅनॉलच्या पल्याड, पाटलाच्या मळ्यात. आमच्या भागात प्रत्येक गावात निदान दहा पाटील आहेत आणि प्रत्येकाचा मळा कॅनॉलच्या पल्याडच आहे. गाडीवाल्यानं परत फोन केला तोवर याच्या मोबाईलची बॅटरी संपली. मग टोळीनं भरायला आलेली ट्रॉली मोकळी करून घेतली.

आता दुसरी गोष्ट, आणि खरं तर याच गोष्टीसाठी हे पत्र लिहितेय.

वीस-बावीस वर्षांची एक बाई, पहिलटकरीण. नॉर्मल झाली. तिचा रक्तगट बी निगेटिव्ह निघाला. बाळाच्या नाळेतलं रक्त तपासायला तालुक्याच्या लॅबला गेलं. आईचा गट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं. नाही दिलं तर या बाळाला काही होत नाही. पण तिच्या अंगात पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि मग पुढच्या खेपेला तीच पोटातल्या बाळाचं रक्त मोडतात. कावीळ, सूज, कधी पोटातच मृत्यू. हे सगळं तिला आणि सासूला समजावलं होतं. इंजेक्शन दोन-अडीच हजारांचं, तालुक्याहून आणायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी. नवऱ्याचा दोन दिवसांचा खाडा, म्हणजे कामाला गैरहजेरी, झाला होता, टोळी आणणारा मुकादम ओरडत होता, म्हणून ती पहाटेच बाळाला घेऊन निघून गेली. दुपारी रिपोर्ट आला. बाळ बी पॉझिटिव्ह. दिलेला फोन नंबर बंद. केसपेपरवर पत्ता होता तिच्या बीडकडच्या गावाचा. आमच्या गावच्या उपकेंद्राच्या सिस्टरना विचारलं, त्यांच्या यादीत ही बाई नव्हतीच. त्यांचाही दोष नाही. त्यांची यादी, त्यांचं उद्दिष्ट, त्यांचे रजिस्टर हे सगळं गावच्या लोकसंख्येवर बांधलेलं असतं. सर म्हणाले, ‘आता कुठं शोधणार?’

माझा चुलतभाऊ एका कारखान्याकडे चिटबॉय आहे, म्हणजे फडावर तोडणीच्या चिठ्ठ्या देणारा. त्याला फोन लावला. त्यानं विचारलं, मुकादम कोण? मी सासूच्या तोंडून ऐकलेलं आडनाव सांगितलं. तो फोन चालू ठेवून कुणाशी तरी बोलला आणि एका मिनिटात त्यानं मला गावाचं नाव, गट नंबर, शेतकऱ्याचं नाव, कुठल्या पाणंदीनं आत जायचं आणि फडात अजून किती ऊस शिल्लक आहे म्हणजे टोळी तिथं किती दिवस राहील, हे सगळं सांगितलं. वर म्हणाला, ‘उद्या दुपारनंतर जाऊ नको, सकाळीच जा, नंतर थळ बदलणार हाय.’

थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या, त्यात अँटी-डी. सरांच्या कंपाऊंडरच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले. बाई कोपीत होती, बाहेर बाळाला उन्हात धरून. वाढ्यांच्या पेंढीवर बसवून तिला इंजेक्शन दिलं. सासूनं विचारलं, पैसे किती? मॅडमनी सांगून ठेवलं होतं की पैशाचं नंतर बघू, ते मी सांगितलं. म्हातारीनं मला चहा केला, काळाच, गुळाचा. साखरेसाठी ऊस तोडायला आलेल्यांच्या घरात गुळाचा चहा, हे तेव्हाही मनात आलं होतं, असो.

तर माझा मुद्दा एवढाच आहे. जी माहिती मिळवायला आरोग्य खात्याचं अख्खं तालुका कार्यालय दमतं, ती तुमच्या शेतकी विभागात रोज संध्याकाळी तयार असते. कुठली टोळी, किती कोयते, कोण मुकादम, कोणता गट, उद्या कुठं. तुम्ही ती ठेवता कारण त्याशिवाय गाळप चालत नाही. तुटलेला ऊस वाळला की वजन घटतं, उतारा घटतो, म्हणून रात्री दोन वाजतासुद्धा त्याला वाहन मिळतं. तुमच्याकडे उसाच्या लागणीची तारीख नोंदलेली असते. लागण आडसाली आहे का पूर्वहंगामी, ‘सुरू’ हंगामाची आहे का खोडवा, जात कोणती, आणि त्यावरून ऊस कुठल्या आठवड्यात पक्व होणार हे ठरवून तोडणीचा कार्यक्रम लागतो. त्याच कार्यक्रमात काम करणाऱ्या बाईचे दिवस कुठल्या आठवड्यात भरणार, याला तुमच्या संगणकात रकाना नाही. मी एवढंच म्हणते, तो एक रकाना घाला.

टोळी कारखान्यावर उतरते त्या आठवड्यात यादी होतेच. त्या यादीत बाईच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा. गरोदर आहे का, कितवा महिना, रक्तगट माहीत आहे का. ही यादी प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या. टोळीनं थळ, म्हणजे तोडणीची जागा, बदललं की जशी तोडणीची स्लिप बदलते, तसा एक मेसेज त्या गावच्या आशाताईला जाऊ द्या. आणि प्रत्येक मुकादमाकडे, प्रत्येक कोपीवर, त्या गटाच्या चिटबॉयचा नंबर असू द्या, म्हणजे १०८ वाल्याला पत्ता सांगायला माणूस मिळेल. ‘पाटलाचा मळा’ म्हटल्यावर कुठला पाटील, हे सांगू शकणारा अख्ख्या तालुक्यात तोच एक आहे.

ही माहिती बाईची खाजगी आहे, चव्हाट्यावर मांडायची नाही, हेही लिहून ठेवते. ती विचारायला मुकादम नको. आरोग्य केंद्राची सिस्टर किंवा आशाताई असू द्या. नाहीतर ‘हिला दिवस गेलेत’ म्हणून त्या कोयत्याची उचलच कापायची, असं होईल. माणसं कशी वागतात ते मी बघितलंय. २०१९ मध्ये बीडकडच्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांतही खाडा पडेल, इथपर्यंत ती भीती पोचलेली असते. बाळंतपण तर फार पुढची गोष्ट. म्हणून बाळंतिणीला आणि तिच्या नवऱ्याला निदान पहिले काही दिवस खाडा लावू नये, हे करारात घ्या. मुकादम ते आपणहून करणार नाही, त्याच्या डोक्यावर तुमची उचल असते.

तुमचं उत्तर मला पाठ आहे. ‘तोडणी कामगार आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. आमचा करार वाहतूकदाराशी.’ कागदावर तसं असेलही. वकील लोक त्यावर बोलतील. प्रसूती रजेचा कायदा १९६१ सालीच आला आणि २०१७ पासून २६ आठवडे पगारी रजा आहे. फडातल्या बाईला त्यातला एक दिवस मिळालेला मी पाहिला नाही, पण तो वाद या पत्रात आणत नाही. खाड्याचे ते काही दिवस सोडले, तर मी मागतेय ती रजाही नाही आणि दवाखानाही नाही. तुमच्याकडे आधीच असलेली माहिती तेवढी मागतेय.

दुसरं उत्तर असतं की आम्ही ऊसतोड कामगारांच्या महामंडळाला टनामागे दहा रुपये देतो. द्या, जरूर द्या. पण ट्रॉलीतल्या बाईला त्या रात्री पैशाची नड नव्हती, पत्त्याची होती. आणि तिसरं, आता हार्वेस्टर आलेत. आलेत खरे, पण आमच्या तीन एकरांत, दोन्ही बाजूंनी बांध आणि मध्ये विहीर, तिथे हार्वेस्टर वळत नाही. माझ्या वडिलांचा ऊस यंदाही कोयत्यानंच तुटला.

महाराष्ट्राचे आकडे चांगले आहेत, ते मीही अभिमानानं सांगते. २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३, तेव्हा देशाचे ९७. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. उरलेल्या पाचेक टक्क्यांत कोपीवर बाळंत होणाऱ्या बायका असणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्यातल्या काहींच्या बाळांची नाळ मी नंतर पाहिली आहे, दोऱ्यानं बांधलेली.

आमचं प्रसूतिगृह आता फक्त ओपीडीपुरतं चालू आहे. मॅडमचं वय झालं, मुलं शहरात, आणि लहान ठिकाणी रात्रीची नर्स टिकत नाही. मीही टिकले नाही. पुण्यात जास्त पगाराची नोकरी मिळाली तशी गेले. आसपासची आणखीही दोन-तीन अशी प्रसूतिगृहं बंद पडलीत. म्हणजे यंदा ट्रॉली निघाली तर तिला तालुक्यापर्यंत जावं लागेल, आणखी अर्धा-पाऊण तास, आणि वार न पडलेल्या बाईला तो अर्धा तास महागात जातो. आधी आम्ही मध्ये होतो म्हणून तुमच्या यादीवाचून कसंबसं निभावत होतं.

सध्या मुकादमांशी करार चालू आहेत, उचली वाटणं चालू आहे. यादीचा नमुना आत्ताच छापून होईल, म्हणजे बदलायचा तर आत्ताच बदलता येईल. माझे वडील येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय मांडणार आहेत. अर्ज मी लिहून दिलाय, सही त्यांची आहे. तो आयत्या वेळच्या विषयांत ढकलू नका. तोवर जेवणाची पानं मांडली जातात आणि मंडप रिकामा होतो. विषयपत्रिकेवर घ्या, अहवालवाचनाच्या लगेच नंतर.

आपली,
एका सभासदाची मुलगी, स्टाफ नर्स